ब्राँकोन्यूमोनिया
सूक्ष्म श्वासनलिका व लगतचे वायुकोश यांचा, फुप्फुसांत ठिकठिकाणी विखुरलेला दाह. लोणावळ्यातील तुंगार्लीसारख्या, पावसाळ्यात भिंतींना ओल सुटणाऱ्या गावी तान्ह्याची धाप सर्दीच्या माथी मारली जाते. परंतु बाळ शांत असता पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत आणि दोन महिन्यांखाली ६०, पुढे वर्षाच्या आत ५० वा अधिक भरल्यास क्ष-किरणचित्रासाठी खोळंबू नये. मोठ्या अर्भकास तोंडाने अमॉक्सिसिलिन देतात. दोन महिन्यांखालील, अथवा अंगावर पिणे सोडलेल्या बाळास मात्र रुग्णालयात अंतःक्षेपणे व गरजेनुसार प्राणवायू हवा. धाप लागली म्हणून पोटावर डागण्या देणे निव्वळ अघोरी होय. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या आरोग्यसेवकांकरवी व दाईंकरवी न्यूमोनियाचे निदान-उपचार घरोघर पोचवून बालमृत्यू घटविले (‘लॅन्सेट’, १९९०). मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी वाळूचे घड्याळ व दहा श्वासांस एक मणी सरकविण्याची तजवीजही त्यांनी केली.