हॉस्टेलमधला शुक्रवार

अलिबागहून कॉलेजसाठी मुंबईला निघाले तेव्हा आईने सॅकमध्ये काचेचा पेला आणि वातींची पुडी टाकली. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तेलाचा दिवा लावायचा, एवढंच तिचं म्हणणं. पहिल्याच शुक्रवारी वॉर्डनबाईंनी तो विझवायला लावला. खोलीत ज्योत चालत नाही. नियम चुकीचा नव्हता. पण माझा सगळा धर्म घरातच घडलेला, आणि इथे घरच नव्हतं.

रूममेटला प्रश्न पडला होता. बोलणं अलिबागचं, आडनावात ‘कर’, मग हा दिवा कसला? मी म्हटलं, “आम्ही बेने इस्राएल. ज्यू.” तिला एकदम हिटलर आठवला. मला मात्र आमच्या आळीतला तेलाचा घाणा सांगायचा होता.

आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, असं आमच्याकडे सांगतात. कधी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोकणात त्यांनी तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू विसरली गेली. उरलं ते शनिवार पाळणं, मुलाची सुंता, पर आणि खवले असलेलेच मासे, आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना. सणांनाही मराठी नावं पडली. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा ‘दरफळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घरात उपास करण्याचा.

दारं लावून घरात! हे नाव मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्याचा अर्थ हॉस्टेलमध्ये लागला. त्या काळी गावात मशीद नव्हतीच. (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो.) शेकडो वर्षं आमचा धर्म चुलीपाशी आणि ओटीवर चालला. आमची पहिली मशीद उभी राहिली ती मुंबईत, १७९६ साली. ती बांधली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. ते कंपनीच्या फौजेतले. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि मशीद बांधली. मांडवीतली ती ‘जुनी मशीद’ आजही आहे. मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं आमची माणसं सांगतात.

फौजेत, गोदीत, सुतारकामाला आलेली माणसं परक्या शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत होती. गावातलं घर मागे राहिलेलं. त्यांनाही शुक्रवार घालवायला जागा हवी होती. मग कोचीनहून शिक्षक आले. मिशनऱ्यांनीही हात लावला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी मुलांसाठी शाळा काढली. त्याच सुमारास आपल्या लोकांनी मराठी कीर्तनं सुरू केली, तौरातमधल्या कथांवर. विसरलेला धर्म माणसं शहरात येऊन पुन्हा शिकली.

हे वाचून पुढच्या शुक्रवारी मी हॉस्टेलपासून जवळची एक मशीद शोधून काढली. दारात सुरक्षारक्षक होता. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यापासून तो असतोच. त्याने आधार कार्ड पाहिलं, आडनाव वाचलं आणि आत सोडलं. खाली नऊ पुरुष बसले होते. एका आजोबांना बायकोच्या वर्षदिनाची कद्दीश म्हणायची होती. त्यासाठी मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. मी वर सज्जात बसले होते. तिथे बसलेलं कुणी मोजलं जात नाही.

फोनाफोनी झाली. अर्धा तास गेला. आजोबांनी मान वर करून विचारलं, “बाळा, भाऊ आहे का तुला?”

“आहे, आजोबा. अश्दोदला असतो.”

“माझे दोन्ही मुलगे तिकडेच,” ते म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

दहावा आला नाही. प्रार्थना झाली, कद्दीश राहिली. मला राग आला. मी जिवंत बसले होते, शमा तोंडपाठ येत होता, तरी कमी एकच होता. आणि तो राग नेमका कुणावर काढायचा, तेही कळेना. हा नियम त्या नऊ जणांनी केलेला नव्हता. शिवाय तो पाळायला शहराच्या चार टोकांवरून तेच आले होते.

निघताना मी त्यांना पेल्याची गोष्ट सांगितली. आजोबा हसले. “इथे घेऊन ये. तुझ्या आजीचा दिवा इथेच असायचा, वरच्या खिडकीत.” ‘तुझ्या आजीचा’ म्हणजे त्यांच्या बायकोचा, हे मला जिन्यात कळलं.

पुढच्या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मी तिथे दिवा लावला. त्या दिवशी खाली आठच जण होते.