जामीन कोण राहिलं? टिळकांच्या तीन अटका

मंडळी, हल्ली आपण म्हणतो, अमक्याला जामीन मिळाला. आमच्या लहानपणी जुनी माणसं म्हणायची, अमका त्याला जामीन राहिला. शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ कागद नाही, रक्कमही नाही. जामीन म्हणजे माणूस, हमी घेणारा. ‘हा बोलावलं की येईल, नाही आला तर मला धरा’ असं सरकारला सांगणारा. मी तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली कधी केली नाही. पण कायद्यातला हा एक शब्द असा आहे, की त्याच्या मागे न्याय म्हणजे काय हा सगळा प्रश्न उभा राहतो. आज तो टिळकांच्या अटकांमधून बघू.

पहिली गोष्ट १८८२ ची. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या छत्रपतींना वाईट वागवलं जातंय असा मजकूर छापला, म्हणून दिवाण माधवराव बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. आगरकर आणि टिळक, दोघेही पंचविशीतले मास्तर, दोघांच्या खिशात काही नाही. दहा हजारांचा जामीन हवा. तेव्हाचे दहा हजार बरं का! पुण्यात हा जामीन राहिले रामशेठ बापूशेठ उरवणे, आणि त्यांना उभं केलं जोतीराव फुल्यांनी. फुले आणि ही चिपळूणकरांच्या शाळेतली मंडळी यांचं किती गोष्टींत जमत होतं, ते आपल्याला माहीत आहे. पण हे पोरगे पळून जाणारे नाहीत, एवढी खात्री त्यांना होती, आणि जामीन राहायला तेवढीच लागते. मताशी सहमती लागत नाही. पुढे शिक्षा झाली ती झालीच. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. म्हणजे जामीन मिळणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. आजही गावाकडे माणूस जामिनावर आला की ‘निर्दोष सुटला’ म्हणून पेढे वाटतात, आणि नाही मिळाला की ‘काहीतरी केलंच असणार’ म्हणतात. दोन्ही चूक.

आता १८९७. रँडवर गोळी झाडली गेली होती, सरकार बिथरलेलं होतं. २७ जुलैच्या रात्री मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली पकडलं. ते उतरले होते दाजी आबाजी खऱ्यांकडे. खरे स्वतः हायकोर्टातले वकील. आठवण अशी सांगतात, की खरे रातोरात मॅजिस्ट्रेटकडे जामिनासाठी धावले, नकार घेऊन परत कोठडीकडे आले, तर टिळक गाढ झोपलेले. ही गोष्ट आपण टिळकांच्या धीरासाठी सांगतो. मला त्यातले खरे जास्त दिसतात. अटकेच्या रात्री आत असलेल्या माणसाला करण्यासारखं फार थोडं असतं. जे करायचं ते बाहेरच्या कुणीतरी करायचं असतं.

मॅजिस्ट्रेटने नाही म्हटलं. २९ जुलैला हायकोर्टानेही नाही म्हटलं, पण पुन्हा अर्ज करायची मुभा ठेवली. हे ‘पुन्हा’ महत्त्वाचं. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नसतं. २ ऑगस्टला खटला सेशन्सकडे गेला, परिस्थिती बदलली, आणि बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे नव्याने अर्ज केला. ॲडव्होकेट जनरलने कसून विरोध केला. तय्यबजींनी ४ ऑगस्टला जामीन दिला.

त्यांचा विचार साधा होता. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न. तो राहणार असेल, तर त्याला बचावाची तयारी करायला मोकळं ठेवायला हवं. आणि महिनाभर कोंडून ठेवलेला माणूस शेवटी निर्दोष ठरला, तर तो महिना त्याला कोण परत देणार? शेठ द्वारकादास धरमसी जामीन राहिले.

खटला उभा राहिला ८ सप्टेंबरला. मध्ये मिळाले बरोबर पाच आठवडे. त्या आठवड्यांत बचाव उभा राहिला. बंगालमध्ये वर्गणी झाली, त्यात मोतीलाल घोष होते, रवींद्रनाथ होते. कलकत्त्याहून पग आणि गार्थ हे बॅरिस्टर आले. निकाल विरुद्धच गेला. नऊ ज्यूरर, सहा विरुद्ध तीन, अठरा महिने सक्तमजुरी. म्हणून ते पाच आठवडे वाया गेले का? मला तसं वाटत नाही. लढायची संधी मिळणं हा न्यायाचा एक भाग आहे, लढाई हरलात तरी.

आता नाट्य बघा. अकरा वर्षांनी, २४ जून १९०८ ला, टिळकांना पुन्हा अटक. २ जुलैला बॅरिस्टर जिना जामिनासाठी उभे राहिले, आणि त्यांनी दाखला दिला तय्यबजींच्याच निर्णयाचा. समोर न्यायाधीश कोण? दिनशा दावर! तोच दावर, ज्यांनी तो निर्णय युक्तिवाद करून मिळवला होता. आता त्यांनी अर्ज फेटाळला, आणि कारणं द्यायलाही नकार दिला. सध्याच्या परिस्थितीत कारणांची चर्चा न करणंच शहाणपणाचं, असं म्हणाले.

वकील अशिलाची बाजू मांडतो, न्यायाधीश स्वतःचं मत देतो, हे मला कळतं. तेव्हा दावरांना दुटप्पी म्हणायची घाई मी करणार नाही. पण कारण न देणं मला खटकतं, आजही. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो, वर दाद मागता येते. कारणच नसेल तर आरोपीने कशाशी भांडायचं? या वेळी टिळकांनी तयारी तुरुंगातून केली, जेमतेम तीन आठवडे. १३ जुलैला खटला सुरू झाला, स्वतःचा बचाव स्वतःच केला, एकवीस तासांवर बोलले. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं, मंडाले. टिळक एलएल. बी. होते, कायद्याचे वर्ग चालवलेले होते, म्हणून हे जमलं. तुमच्याआमच्यापैकी कुणी करू नये.

मग आपण काय करावं? मला नेहमी विचारतात म्हणून सांगतो. घटनेच्या बाविसाव्या कलमाने अटकेचं कारण कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिलाय. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. त्या चोवीस तासांत घरच्यांनी मोठ्या नावाचा वकील शोधत बसू नये. त्याच कोर्टात रोज फौजदारी कामं चालवणारा गाठावा. त्याला विचारावं: कलमं कोणती लागलीत, जामीनपात्र की अजामीनपात्र, फी कशाकशाची. ‘जामीन नक्की करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावं. आणि ‘अजामीनपात्र’ शब्दाला घाबरू नये. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ नाही, तो हक्काने न मिळता न्यायाधीशाच्या विवेकाने मिळतो, एवढाच. १८९७ ला तेच झालं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. १५१०० वर फोन करता येतो.

पण वकील मिळाला, जामीनही मंजूर झाला, तरी माणूस आतच राहतो, असं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचा जामीन मंजूर केला. खालच्या मॅजिस्ट्रेटने रक्कम ठरवली दहा हजार. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर म्हणे त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. आकडा लक्षात आला ना? उरवण्यांचाच, शहाण्णव वर्षांनंतर. फक्त या गवंड्याच्या ओळखीत कुणी उरवणे नव्हते. कृष्ण अय्यर संतापले. परक्या मुलखात पकडला गेलेल्या तमिळ किंवा मल्याळी माणसाने तिथला जमीनदार जामीन कुठून आणायचा, असा त्यांचा सवाल होता. ऐपतीचा दाखला मागताना आपण माणूस परत येईल का हे बघतोय, की त्याच्याकडे जमीन किती आहे हे? त्यांनी मोतीरामला त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. रक्कम, एक हजार रुपये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.