खबर, बखर आणि न्हावा शेवा

पदवीला इतिहास हा मुख्य विषय आणि जोडीला पत्रकारिता घ्यायची, असे आमच्या घरातल्या मुलीने सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "इतिहास शिकून पोट भरते का?" 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर अशी मुख्य व दुय्यम विषयांची जोड घेता येते. पण आम्हाला वाटते, या दोन विद्या मुळात परक्या नव्हत्याच.

अरबीत 'खबर' म्हणजे वार्ता; तिचे अनेकवचन 'अखबार'. मोगल दरबारातली रोजची वृत्ते 'अखबारात' म्हणून ओळखली जात. औरंगजेबाचा इतिहास लिहिताना जदुनाथ सरकारांनी हेच कागद वापरले. मराठीतला 'बखर' हा शब्दही 'खबर'वरूनच आला, असे अनेक अभ्यासक मानतात. 1832 साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर जुन्या शिलालेखांचेही अभ्यासक होते.

खबर पारखायची कशी, हेही आपल्या पूर्वजांनी शिकवले. हदीसच्या विद्वानांनी 'इस्नाद' म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी तपासली. कोणी, कोणाकडून ऐकले? सांगणारा विश्वासू आहे का? चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त आणखी पुढचा इशारा दिला. साखळी नीट असली तरी सांगितलेली गोष्ट घडणे शक्य होते का, हेही पाहा.

ही कसोटी न्हावा शेव्याला लावून पाहावी. 1989 साली येथे बंदर सुरू झाले. आज वर्तमानपत्रांत हे नाव येते ते कंटेनरच्या आकड्यांसाठी, नाहीतर पकडलेल्या तस्करीच्या मालासाठी. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला, तेव्हाही कॅमेरे पुलावरच राहिले. पण न्हावा आणि शेवा ही गावे होती. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. त्याची माणसे उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात गेली आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे धोरण आले, ते याच लढ्यातून.

नुसता पत्रकार हे ऐकेल तर एका दिवसाची बातमी देईल. नुसता इतिहासकार कागदांची वाट पाहत बसेल, तोवर सांगणारी म्हातारी माणसे निघून जातील. दोन्ही शिकलेली मुलगी आजच ध्वनिमुद्रण करील, सातबाराशी ताडून पाहील आणि लोकांना समजेल अशा मराठीत सांगेल.

आपल्या समाजाला याची गरज अधिक आहे. आपल्याविषयीच्या खबरी बहुधा दुसरेच सांगतात. साखळी कोणी तपासत नाही. तक्रार करून ती तपासली जाणार नाही. आपल्या मोहल्ल्याची बखर आपणच लिहावी लागेल, आणि शेजारच्या कोळीवाड्याचीही, तितक्याच इमानाने.

मुलीने अर्ज भरला आहे. पोटाचा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही. पण तो विचारणारे आम्ही आता थोडे नरमलो आहोत.