अवयव पद्धत : पुस्तकात पहिली, इतिहासात शेवटची

दहावीचं बीजगणित आठवा. वर्गसमीकरण सोडवायची पहिली पद्धत कोणती शिकलात? अवयव पद्धत. मग पूर्ण वर्ग, मग सूत्र. हा क्रम डोक्यात इतका पक्का बसतो की इतिहासातही असंच घडलं असणार, असं आपण न बोलता धरून चालतो. प्रत्यक्षात उलटं आहे. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हे नीट बघून ठेवा, कारण थिसिसमध्ये ‘ऐतिहासिक आढावा’ लिहिताना नेमकी इथेच गल्लत होते.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं (बाराव्या शतकाचा मध्य) वानरांचं उदाहरण घ्या. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तितकी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? आजच्या चिन्हांत हे होतं

क्ष² − ५५क्ष + २५० = ०

तुम्ही लगेच म्हणाल, ५० आणि ५. बेरीज ५५, गुणाकार २५०, झालं. पण भास्कराचार्यांची वाट ही नाही. त्यांनी श्रीधराचार्यांचा नियम दिलाय: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. इथे चारने गुणून ३०२५ मिळवले की (२क्ष − ५५)² = २०२५. वर्गमूळ ४५, म्हणून क्ष ५० किंवा ५. यातला ५ ते नाकारतात. ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२. अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही, हे त्यांचं कारण. (वर्ग केल्यावर ते ४ होतात, उत्तर जुळतं, तरीही नाही!)

या प्रकरणाचं नाव मध्यमाहरण. आपण शाळेत मधलं पद फोडतो, ते मधलं पद घालवतात. आणि त्यांची पद्धत जास्त मजबूत आहे. वरच्या समीकरणात २५० च्या जागी २५१ करून बघा. अवयव पाडणारा तिथेच अडकतो, नियम मात्र बिनबोभाट चालतो.

मग त्यांना अवयवांची युक्ती सुचलीच नव्हती का? इथे खरी गंमत आहे. त्याच ग्रंथात ‘भावित’ नावाचा भाग आहे, दोन अज्ञातांच्या गुणाकाराचा. एक उदाहरण असं: एका संख्येची चौपट, दुसरीची तिप्पट आणि २ यांची बेरीज म्हणजे त्या दोघींचा गुणाकार. आपल्या चिन्हांत मांडलं तर (क्ष − ३)(य − ४) = १४. आता १४ चे अवयव पाडा: २ आणि ७ घेतले तर ५ आणि ११, ७ आणि २ घेतले तर १० आणि ६. भास्कराचार्य हेच करतात, अवयव निवडून उत्तरं काढतात. शून्याला कशानेही गुणलं तर शून्य, हे तर ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे सामान सगळं घरात होतं. पण उजवीकडे १४ ऐवजी ० ठेवून वर्गसमीकरण सोडवायचं, हा रस्ता त्यांनी धरला नाही. माझ्या मते कारण साधं आहे: हाताशी सगळीकडे चालणारा नियम असताना कधीकधीच चालणारी युक्ती कोण शोधेल?

शून्याच्या बाजूने विचार सुरू झाला तो इंग्लंड-फ्रान्समध्ये, सतराव्या शतकात. थॉमस हॅरियट १६२१ मध्ये वारला, त्याचं बीजगणिताचं पुस्तक १६३१ मध्ये छापलं गेलं. त्यात समीकरणं द्विपदींच्या गुणाकारातून तयार केलेली दिसतात. देकार्तने १६३७ च्या ‘ला जॉमेत्री’त क्ष − २ ला क्ष − ३ ने गुणून क्ष² − ५क्ष + ६ = ० मिळवलं, मग त्यात क्ष − ४ गुणून घन समीकरण, मग क्ष + ५ गुणून चौथ्या घाताचं. दिशा बघा. हे दोघं अवयवांपासून समीकरण बांधतायत. समीकरणाला मुळं किती असू शकतात, हा त्यांचा प्रश्न. शाळेत आपण तीच फिल्म उलटी चालवतो.

म्हणून जुनी रीत आजच्या चिन्हांत लिहिताना जपून. ब्रिटिश म्युझियममध्ये बीएम १३९०१ ही बॅबिलोनी मातीची पाटी आहे. तिच्यातलं पहिलं गणित: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळून ३/४. ते बराच काळ क्ष² + क्ष = ३/४ असं वाचलं जायचं. येन्स हॉइरुप यांनी मूळ शब्दच तपासले, तेव्हा दिसलं की ‘मिळवणे’ आणि ‘गुणणे’ यांसाठी तिथे वेगवेगळ्या क्रियांचे वेगवेगळे शब्द आहेत. मग वाचन बदललं. बाजूला १ रुंदी देऊन आयत करायचा, तो चौरसाला जोडायचा, आयताचा अर्धा भाग कापून दुसऱ्या कडेला लावायचा, कोपऱ्यातली १/४ ची खाच भरायची. १ क्षेत्रफळाचा पूर्ण चौरस झाला. बाजू १, त्यातून लावलेला १/२ काढला की उत्तर १/२. आपण याचे (क्ष + ३/२)(क्ष − १/२) असे अवयव पाडू शकतो, पण त्यातल्या −३/२ ला त्या कापाकापीत ठेवायला जागाच नाही.