उशाशी बसणाऱ्यांचं शिक्षण

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या रुग्णसेवा ब्युरोला फोन लावला, की पहिला प्रश्न येतो : बारा तास की चोवीस? मग दुसरा : पेशंट चालता-फिरता आहे की बेडवर? येणाऱ्या बाईंचं शिक्षण काय, हे बहुधा फोन करणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या टॉवरांमध्ये नाकातल्या नळीतून (राईल्स ट्यूब) पेज देणं, बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलत राहणं, लघवीची पिशवी रिकामी करणं ही कामं करणाऱ्या मावश्या आणि मामा ती बरीचशी दुसऱ्याचं पाहूनच शिकलेले असतात.

तसं पाहिलं तर रुग्णसेवेचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत 1886मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. स्त्री-डॉक्टरांनी चालवलेल्या या रुग्णालयात एडिथ पेची यांनी परिचारिकांना शिकवण्याची सोय केली. प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून पाठ्यपुस्तकं बाई काशीबाई गणपत यांचं नाव देतात, साल 1891.

पण खरी अडचण शिकवण्याची नव्हतीच. परक्या माणसाचं मलमूत्र काढायचं, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, हे पांढरपेशा घरांना मुळीच मान्य नव्हतं. रमाबाई रानडे यांनी 1909मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या विधवांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात धाडलं. सोवळ्याच्या त्या पुण्यात हे धाडस शाळा काढण्याहून कितीतरी मोठं होतं. रमाबाईंच्या कामाविषयी बोलताना ते जरा कमीच सांगितलं जातं.

पुढे कायदे आले. मुंबई इलाख्यात 1935मध्ये परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, 1947मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. नर्सला दर्जा मिळाला, ठरलेला अभ्यासक्रम मिळाला. त्याच वॉर्डात बेडपॅन उचलणारी आया मात्र नोंदणीच्या बाहेरच राहिली. घरातल्या म्हाताऱ्यांचं करणं तर कुणी काम म्हणूनच मोजलं नाही. ते सुनेकडे असायचं, नाहीतर माहेरी परतलेल्या एखाद्या विधवा आत्याकडे. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना या बिनपगारी आत्याची आठवण क्वचितच निघते.

घोडबंदर रोडवर ही आत्या उरली नाही. गेल्या तीसेक वर्षांत शेतं आणि पाडे यांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेत गेली आणि दोन बेडरूमच्या घरात आई-वडील मागे राहिले. त्यांच्यासाठी माणूस पुरवणारे ब्युरो आले. त्यांनी नोकऱ्या दिल्या, कमिशन घेतलं. शिकवण्याचा भार बहुतेक ठिकाणी पहिल्या पेशंटवर पडला.

सरकारचं लक्ष इकडे उशिरा गेलं. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेने 2000च्या सुमारास वृद्धसेवेचे अभ्यासक्रम आणले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने रुग्णसहायकाचं प्रमाणपत्र दिलं. 2015मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, ‘होम हेल्थ एड’ ही नावं गल्लीतल्या क्लासच्या पाट्यांवर झळकू लागली. मग कोविड आला. जून 2020मध्ये या रस्त्याच्या तोंडाशी, बाळकूमला, हजारावर खाटांचं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. खाटा जमवता आल्या, पण खाटेपाशी उभं राहणारी माणसं कुठून आणायची? वर्षभराने, जून 2021मध्ये, केंद्राने 1 लाख लोकांसाठी झटपट प्रशिक्षण जाहीर केलं. त्यातल्या सहा कामांमध्ये घरी जाऊन सेवा देणंही होतं.

प्रमाणपत्राला खरा भाव आला तो परदेशामुळे. 2024मध्ये इस्रायलने भारताकडे 5,000 देखभालनीस मागितले. अट अशी : किमान दहावी, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आणि कामावरचं 990 तासांचं प्रशिक्षण. ठाण्याला इस्रायल काही परका नाही. टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली या ज्यू समाजाचं 1879चं सिनेगॉग आहे आणि इथली मराठी बोलणारी किती तरी कुटुंबं तिकडे जाऊन स्थायिक झाली आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना मराठी बोलणारी मावशी मिळाली, तर ती त्यांना नक्कीच आवडेल.

मावशीला इथेच वर चढायचं असेल तर? जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रम काही महिन्यांत उरकतो. त्यापुढची पायरी म्हणजे परिचर्येचे नोंदणीपात्र अभ्यासक्रम : दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम. दोन्हींना बारावी लागते. घराघरांत काढलेल्या वर्षांची तिथे सूट मिळत नाही, सुरुवात पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. शिवाय प्रवेशाची वयोमर्यादा 35 आहे. मुलं शाळेत रुळल्यावर, तिशी उलटल्यावर या कामात शिरलेल्या बाईकडे अनुभव जमतो, तोवर ती मर्यादा मागे पडलेली असते.