सनईचा ओठ

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. वाटेत गावोगाव स्वागताला सनई-चौघडा वाजतो. तो ऐकताना सनई परमुलखातून आली असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

पण शब्द सांगतो. सनई म्हणजे शहनाई, आणि तिच्यातला ‘नै’ फारसी. नै म्हणजे बोरू, बासरी. अकबराच्या नक्कारखान्यात इराणी आणि हिंदुस्थानी सुरना मिळून नऊ जण वाजवत, अशी नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. दरबारातला नक्कारखाना आपल्याकडे देवळाचा नगारखाना झाला आणि सनई मंगलवाद्य ठरली.

हे वाद्य दिसायला साधं आहे. लाकडी नळी, पुढे धातूचा कर्णा, तोंडाशी गवताची दुहेरी जिभाळी. तिला पेटीसारखे ठरलेले सूर नाहीत. बोटं भोकांवर तशीच ठेवून ओठ आवळला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. जिभाळी दातांत धरायची नसते. दात मागे राहतात, भार ओठांनी पेलायचा. शिकाऊ मुलाला आधी नुसता एकच सूर धरायला बसवत. गालातली हवा सोडत नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. मींड, गमक हे त्यानंतरचं.

बिस्मिल्ला खाँ हे सगळं मामा अलीबक्ष यांच्यासमोर बसून शिकले. मामा काशी विश्वनाथाच्या देवळात शहनाई वाजवत. त्याच भाच्याची शहनाई १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर वाजली आणि २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आपल्या गावगाड्यातल्या मांग, होलार वाजंत्र्यांच्या वाट्याला असा मान आला नाही. त्यांच्या सनईशिवाय लग्न लागत नसे, पण त्यांची जागा मांडवाबाहेर. आता त्या जागी डीजे किंवा मोबाईलमधली सनई आहे.

राग पुस्तकात लिहिता येतो. ओठ किती आवळायचा, हे लिहिता येत नाही. ते समोर बसूनच शिकावं लागतं. बारामती-इंदापूर भागात जे जुने सनईवाले असतील, त्यांचा नुसता आवाज नव्हे, वाजवतानाचा चेहरा जवळून चित्रित करून ठेवावा. आणि जमलं तर एखाद्या मुलाला त्यांच्यापुढे बसवावं.