पांढरी होडी आणि सीमन

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच रायगडावरचा वाघ्या आठवतो. त्याचा चौथरा आहे, पुतळा आहे, पण समकालीन कागदांत त्याचा पुरावा नाही असं इतिहासकार म्हणतात. त्यामुळे वाद काही संपत नाहीत. आज ज्या कुत्र्याबद्दल लिहितोय त्याचं उलट आहे. त्याचा पराक्रम मालकाने लगेच डायरीत लिहून ठेवला, पण त्याचं नावच लोक कित्येक वर्षं चुकीचं वाचत होते!

गोष्ट अमेरिकेतली आहे. 1803 साली अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला. तिथे नेमकं काय आहे ते पाहून पॅसिफिक समुद्रापर्यंत जायचं, यासाठी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम पाठवली. लुईसने सोबत न्यूफाउंडलंड जातीचा एक कुत्रा घेतला, 20 डॉलर मोजून. नाव ठेवलं सीमन, म्हणजे खलाशी. पाण्यात पटाईत असलेल्या जातीला शोभेल असंच.

1805 च्या एप्रिलमध्ये 33 माणसं आठ होड्यांतून मिसूरी नदीच्या उगमाकडे निघाली. त्यात एक पांढरी होडी होती. सगळ्या होड्यांत भरवशाची, म्हणून कागदपत्रं, उपकरणं, औषधं असा मोलाचा ऐवज तिच्यात ठेवलेला. आणि संकटं नेमकी तिच्यावरच यायची. 14 मे रोजी वादळी वाऱ्याने ती जवळजवळ उलटली. सुकाणूवरचा शार्बोनो पार गांगरला. त्याची बायको सकागविया मात्र शांत होती. ती शोशोनी जमातीतली, कडेला तीन महिन्यांचं तान्हं मूल. वाहून चाललेल्या बहुतेक वस्तू तिने एकेक करून गोळा केल्या.

त्यानंतर दोनच आठवडे झाले. 28 मेच्या रात्री मुक्काम होता आजच्या मोंटाना राज्यात, नदीकाठी. होड्या काठाला बांधलेल्या, माणसं शेकोट्यांच्या कडेने झोपलेली. मध्यरात्री एक दांडगा बायसन पलीकडच्या तीरावरून पोहत आला तो थेट त्या पांढऱ्या होडीवर. होडीत पाय आपटत, धडपडत तो अलीकडे उतरला. आत ठेवलेली एक रायफल वाकली, दुसऱ्या एका बंदुकीचा दस्ता मोडला. मग तो बिथरून शेकोट्यांकडे धावत सुटला. काही जणांच्या डोक्यापासून त्याचे खूर जेमतेम 18 इंचांवर! पहारेकऱ्याने हुसकावलं तर तो रांगेत झोपलेल्या माणसांजवळून सरळ तंबूकडे वळला. तंबूत दोन्ही कप्तान, शार्बोनो, सकागविया आणि बाळ होतं. तिथे सीमन आडवा आला. बायसनने पुन्हा दिशा बदलली आणि तो अंधारात नाहीसा झाला. सगळे बंदुका घेऊन उठले तोवर खेळ संपला होता. एकालाही इजा नाही.

लुईसने डायरीत लिहिलं की माझ्या कुत्र्याने आम्हाला वाचवलं. त्या पांढऱ्या होडीच्या मागे काहीतरी भूत लागलंय अशा अर्थाचं वाक्यही त्याने लिहिलं. आणखी एक नोंद आहे. वाकलेली रायफल क्लार्कचा गुलाम यॉर्क याची, आणि ती होडीत ठेवण्याचा हलगर्जीपणा त्याने केला, अशी.

याच सीमनला दहाच दिवसांपूर्वी एक बीव्हर मागच्या पायाला कडकडून चावला होता. धमनी तुटून इतकं रक्त गेलं की तो वाचेल असं लुईसला वाटत नव्हतं. म्हणजे त्या रात्री उभा राहिला तो दुखऱ्या पायाचा कुत्रा!

मोहीम 1806 मध्ये परतली. शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी 320 एकर जमीन मिळाली. शार्बोनोलाही पैसे आणि जमीन मिळाली. सकागवियाला काही नाही. यॉर्कला काही नाही. त्याने स्वातंत्र्य मागितलं तर क्लार्कने तेही लगेच दिलं नाही. सीमनची शेवटची नोंद जुलै 1806 मधली आहे. डासांनी हैराण होऊन तो विव्हळतोय, एवढीच. पुढे डायऱ्यांत त्याचं नाव नाही.

आणि नावाचं म्हणाल तर हस्ताक्षर नीट न लागल्याने पुस्तकांतून तो अनेक दशकं 'स्कॅनन' होता. मोहिमेने एका ओढ्याला 'सीमन्स क्रीक' नाव दिलं होतं. त्यावरून 1980 च्या दशकात डोनाल्ड जॅक्सन या अभ्यासकाने खरं नाव शोधून काढलं.

वर्गात हजेरी घेताना मुलाचं नाव चुकलं तर ते "हजर" म्हणायचं नाही, तोंडाकडे बघत बसायचं. इतिहासाच्या हजेरीतही असंच होत असावं. त्या होडीतला ऐवज आणि त्या तंबूतले जीव ज्यांनी राखले, त्यांना पगारपत्रकात रकानाच नव्हता. निदान आपण तरी नावं नीट घ्यावीत. सकागविया. यॉर्क. सीमन.

असो. आज इतकंच.